ताम्हिणीचा चिखल आणि घरची गाडी

चार चांगले पाऊस पडून डोंगर हिरवे झाले, की पुण्याकडच्या घराघरांतून एकच टूम निघते. "आई, रविवारी ताम्हिणीला जाऊ या ना! सायकलीही घेऊ!" टूम निघते मुलांच्या डोक्यातून आणि आठी पडते ती त्यांच्या वडिलांच्या कपाळावर. "सायकली? गाडीत? आणि येताना तो सगळा चिखल?" झालं, बेत तिथंच मोडतो! तुमच्याकडेही असंच होत असेल तर मैत्रिणींनो, पुढचं जरूर वाचा. यात थोडं रस्त्याचं वर्णन आहे, थोडं चिखलाचं, आणि त्या चिखलापायी बेत न मोडण्याची युक्तीही आहे.

पुण्याच्या चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करीत हा रस्ता मुळशीकडे जातो. पिरंगुटपर्यंत कारखाने आणि इमारती पाठ सोडत नाहीत. पौड मागं पडलं की मात्र डोळे निवतात. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, त्यांत आभाळ उतरलेलं. जुलैमध्ये गेलात तर चिखलणी करून ठेवलेल्या खाचरांत लावणी चाललेली दिसेल. गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून बायका रोपं लावीत असतात. डोक्यावरून पाठीवर खताच्या पोत्याची खोळ घेतलेली असते. ती खोळ नीट पाहून ठेवा. पुढं तिचं काम आहे.

पुढं मुळशीचं धरण लागतं आणि रस्ता बराच वेळ पाण्याच्या सोबतीनं चालतो. हे पाणी पश्चिमेला, घाटाखालच्या भिऱ्याच्या वीजघरात जातं. या पाण्याखाली मावळ्यांची भाताची शेतं गेली आहेत. ती वाचवण्यासाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केलं, आणि तेव्हापासून सारा महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखू लागला. या खोऱ्यातला आंबेमोहर आपण कौतुकानं शिजवतो, तो याच मातीतला. आपण ज्याला डाग म्हणतो, त्या चिखलासाठी माणसांनी तुरुंग पत्करला. मुलांना हे तिथं, पाण्याकाठी उभं राहून सांगा. घरी सांगितलेलं विसरतील, तिथलं विसरणार नाहीत.

सायकल मात्र कुठं चालवायची हे आधीच ठरवा. ताम्हिणीचा प्रत्यक्ष घाट मुलांच्या सायकलीसाठी नव्हे. वळणं आंधळी, धुकं दाट, रस्ता निसरडा, आणि सुट्टीच्या दिवशी मोटारींची रीघ. सायकली काढायच्या त्या पौडच्या पुढं, आतल्या गावांकडे जाणाऱ्या लहान रस्त्यांवर. तेही गावकऱ्यांना विचारून, आणि खाचरांच्या बांधावर चाकं न घालता. मुसळधार पावसात दरडी कोसळतात, कधी रस्ता बंद करतात, कधी धबधब्यांवर जायला प्रशासनाची मनाई असते. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाचा इशारा आणि रस्त्याची चौकशी, दोन्ही करावीच.

आता चिखलाकडे वळू. चिखला-चिखलात फरक असतो बरं का! खाचराकडचा चिखल लोण्यासारखा मऊ. त्याचे कण इतके बारीक की कापडाच्या विणीत जाऊन बसतात. डोंगरउताराची आणि घाट उतरून कोकणात गेलात तर तिथली माती तांबडी. तो तांबडा रंग लोहाचा, म्हणजे एका अर्थी गंजाचाच. म्हणूनच तो नुसत्या साबणाला दाद देत नाही आणि ब्लीचनंही जात नाही. तेव्हा चिखल काढण्यापेक्षा लागू न देणं सोपं.

त्यासाठी विकतचं काही आणायला नको. घरातूनच हे घ्या : खताची दोन रिकामी पोती, दोन जुन्या चादरी, पाच लिटरचा पाण्याचा डबा, भांडी घासायचा जुना ब्रश, चार फडकी, जुन्या साडीच्या लांब पट्ट्या आणि रद्दी. पोती आधी स्वच्छ धुऊन वाळवा, कारण खताचा अंश राहिला तर लोखंड गंजतं. मग बाजू उसवून ती सपाट करा. डब्याच्या झाकणाला तापवलेल्या दाभणानं सात-आठ भोकं पाडा. झाली झारी तयार!

फिरणं संपलं की रस्त्यापासून दूर, कडेच्या दगडी जागेवर सायकल उभी करा. आधी ब्रशनं चिखलाचे गठ्ठे पाडा, मग झारीनं वरून खाली पाणी सोडा. ओढ्यात किंवा तलावात सायकल धुऊ नये. साखळीचं तेल त्या पाण्यात उतरतं, आणि ते पाणी कुणाच्या तरी वापराचं असतं.

गाडीच्या मागच्या सीट पाडून खाली चादर आणि तिच्यावर पोती पसरा. पुढचं चाक निघत असेल तर काढून दुसऱ्या चादरीत गुंडाळा. चाकाला डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर मुलांना ब्रेकची मूठ दाबू देऊ नका. दोन गुटख्यांच्या मधे पुठ्ठ्याची घडी सरकवली की काळजी मिटली. सायकल आडवी ठेवताना साखळीची आणि गिअरची बाजू वर हवी. म्हणजे गिअर वाकत नाही आणि काळं तेल खाली उतरत नाही. साखळीवर एक फडकं बांधा. नंतर साडीच्या पट्ट्यांनी सायकल गाडीतल्या कड्यांना आवळून टाका. ही पायरी मुळीच टाळू नका. अचानक ब्रेक लागला तर सुटी सायकल पुढं बसलेल्यांच्या पाठीत येते. सीटचा डाग परवडला, तो मार परवडायचा नाही.

काही जण गाडीच्या मागं सायकलीचा कॅरिअर लावतात. आतला चिखल वाचतो खरा, पण नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हे पाहायलाच हवं.

एवढं करूनही सीटला डाग पडलाच तर ओला असताना चोळू नका. चोळलं की तो विणीत खोल जातो. पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झाडा, व्हॅक्यूम असेल तर फिरवा, आणि मगच साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपून घ्या. काळ्या तेलाच्या डागावर आधी टाल्कम पावडर किंवा तांदळाचं पीठ पंधरा-वीस मिनिटं टाकून ठेवा, ते झटका आणि नंतर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब वापरा. गाडीतल्या चटया बाहेर काढून वाळवा आणि त्यांच्या जागी रात्रभर रद्दी पसरा. खालचा ओलावा राहिला तर पावसाळ्यात दोन दिवसांत कुबट वास धरतो आणि बुरशी येते. सायकलीची साखळीही कोरडी पुसून तेलाचे चार थेंब सोडा.

आणि हे सगळं करायचं कुणी? इथंच घोडं पेंड खातं! वडील म्हणतात चिखल नको, मुलं म्हणतात आम्हाला हवा, आणि फडकं मात्र येतं आपल्या हातात. म्हणून निघण्यापूर्वीच घरात एक नियम करून टाका : ज्याची सायकल, त्याचा चिखल. दहा वर्षांच्या मुलाला ब्रश चालवता येतो, बारा वर्षांच्या मुलीला साखळी पुसता येते, आणि पट्ट्या आवळायला यजमानांच्या हातात जोर असतोच. मुलीला मात्र "कपडे मळतील" म्हणून मागं ठेवू नका. कपडे धुता येतात. एकदा बुजलेलं मन मोकळं व्हायला फार वेळ लागतो.

शेवटी तुमच्याबद्दल. आपल्यापैकी कितीजणी सायकलवरून शाळा-कॉलेजात गेल्या असतील! लग्नानंतर ती सायकल कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही आणि आपणही नाही विचारलं. यंदा गाडीत मुलांच्या सायकली बांधताना आणखी एकीची जागा निघते का, ते पाहा. नाही निघाली तर मुलीचीच मागून घ्या आणि पौडच्या पुढच्या एखाद्या सपाट रस्त्यावर चार पॅडल मारून या. परत आल्यावर मात्र नियम तुम्हालाही लागू. तुमचा चिखल तुम्हीच धुवायचा!