खोडलेलं दिसू दे

नामपूरला आमच्या आठवीच्या वर्गात खिडकीखाली एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर एक वही. दुकानदार उधारी मांडतात तसली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. वर सरांच्या अक्षरात ‘गावाची वही’ एवढंच. साल १९८३. मराठी आणि भूगोल शिकवणाऱ्या आमच्या सरांनी ती पदरच्या पैशांनी आणली होती. मोसम नदी, बाजार, पिकं, पाखरं, गल्ल्यांची नावं, ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं मधल्या सुट्टीत येऊन लिहायचं. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं तर तेही सुधारायचं. पेन्सिल चालत नसे, खोडरबर तर नाहीच. चूक खोडायची ती एका सरळ रेघेनं, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. समासात आपलं नाव आणि तारीख घालायची. मजकूर उजव्या पानावर. डावं पान वाद घालायला मोकळं ठेवलेलं.

माझ्या मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचा आजा बंधाऱ्यावर पाटकरी होता. एकदा त्यानं वहीत लिहिलं, की एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असतं. मी वाचलं आणि मला ते साफ चूक वाटलं. आमची विहीर होती, विहिरीवर मोटर होती. आमच्या एकाच मळ्यात कांदा आणि गहू शेजारी शेजारी उभे असायचे. मी शाईचं पेन घेतलं आणि त्याचं वाक्य असं गिरगटून काढलं की कागद फाटला. समासात नाव घातलं नाही.

सरांनी कुणी केलं ते विचारलंच नाही. त्यांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं, वाकडं करून, उलटं करून ती अक्षरं लागतात का ते बराच वेळ पाहिलं. वर्ग गप्प होता. एकही अक्षर लागेना, तेव्हा त्यांनी वही खाली ठेवली आणि म्हणाले, “खोडायचं तर खोडा. पण खोडलेलं दिसू दे. त्यानं काय म्हटलं होतं ते आता आपल्याला कसं कळणार?” मी उभी राहिले. शिक्षा अशी नाहीच झाली. रविवारी त्या मुलाच्या आजाबरोबर बंधाऱ्यावर जायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं, एवढंच सांगितलं.

घरी आजीला विचारलं तर ती म्हणाली, “माले काय इचारस, पाटकरीले इचार.”

त्या रविवारी बाबांनी (त्या मुलाच्या आजाला सगळे बाबाच म्हणत) मला अख्खा फड पायी फिरवून दाखवला. नदीत आडवा घातलेला दगडी बंधारा, त्याच्या कडेनं निघालेला पाट, उताराउतारानं उतरणारं पाणी. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. यंदा ऊस कुठल्या फडात, हंगामी पीक कुठल्या, पडीक कुठला ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. एका फडात एक पीक असलं की पाणी एकाच बाजूला न्यावं लागतं, वाटेत मुरून वाया जात नाही, सगळ्यांची काढणी एकदम होते. पाण्याची पाळी पाटकऱ्यानं द्यायची, पिकांची राखण जागल्यानं करायची, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच ठरवायचा. सरकारचा यात संबंध नाही. तीन-चारशे वर्षांपासून पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर माणसं असं पाणी वाटून घेत आली होती, आणि मी त्यातलं एक वाक्य शाईनं बुजवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलानं आपलं वाक्य पुन्हा लिहिलं. त्याखाली मी अडीच पानं लिहिली आणि समासात नाव घातलं.

पुढे मीही शिक्षिका झाले. मोसम खोऱ्यातच नोकरी झाली. सर निवृत्त झाले, गेले. ती वही कुठे गेली ते कळलं नाही. शाळेची इमारत बदलली तेव्हा जुन्या दप्तरांबरोबर वाळवीनं खाल्ली असावी.

मग एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात मराठी विकिपीडियावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, की वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं १९९५ मध्ये पहिली विकी बनवली. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून नाव घेतलं, हवाई भाषेत त्याचा अर्थ ‘लवकर लवकर’. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात त्यांनी पानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या ‘इतिहास’वर क्लिक केलं आणि दोन आवृत्त्या समोरासमोर उघडल्या. डावीकडे पिवळ्या पट्टीत जुनी ओळ, उजवीकडे निळ्या पट्टीत नवी. कुणी बदललं, कधी बदललं, का बदललं. शेजारी ‘चर्चा’ नावाचं वेगळं पान. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. सरांचं डावं पान समोर होतं, त्यांची रेघ होती, समासातली तारीख होती. फोन करून सांगावं असं वाटलं, आणि सांगायला ते नव्हते.

ऋण म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. फेडायला माणूस उरलेला नसतो आणि फेडायचं मात्र असतं. मराठी विकिपीडियावर लिहायला मी नववीच्या वर्गाला घेऊन बसले.

पहिल्या दिवसापासून अडचणी. शाळेत चालू संगणक आठ, दुपारी वीज जायची. मुलांची खाती उघडायला घेतली तर सहा उघडली आणि सातवं होईना. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गात बेचाळीस मुलं. मग सहा गट केले, प्रत्येक गटाला एक खातं, आणि कोणी काय लिहिलं त्याची नोंद कागदाच्या वहीत. मराठी टंकनासाठी अक्षरांतरण आणि इनस्क्रिप्ट असे दोन्ही पर्याय तिथेच मिळतात. पोरं दोन तासांत माझ्या पुढे गेली.

नव्यांनी सराव करायच्या जागेला मराठी विकिपीडियानं ‘धूळपाटी’ म्हटलंय. हा शब्द ज्या कुणाला सुचला, त्याचीही मी ऋणी आहे. माझे आजोबा पाटीवर धूळ पसरून त्यात बोटानं अक्षरं गिरवायला शिकले होते. चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा गिरवायचं. मुलांना हे सांगितलं तेव्हा चुकायची भीती कमी झाली.

आम्ही विषय घेतला फड पद्धती. आणि सहापैकी चार गटांनी पहिल्या आठवड्यात जे केलं, ते आपली मुलं वर्षानुवर्षं करत आलीत: कुठल्या तरी पुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे उतरवून काढले. मी रागावणार होते. पण २०११ मध्ये पुण्यात काही महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लिहायला लावायचा मोठा प्रयोग झाला होता, आणि तो उताऱ्यांमुळेच त्याच वर्षी आवरता घ्यावा लागला होता, हे मी वाचलेलं होतं. उतरवून काढणं हाच अभ्यास, हे पोरांना शिकवलं कुणी? आम्हीच, ‘उत्तर पुस्तकाबरहुकूम लिहा’ म्हणून.

मी काही करायच्या आधीच कुणा अनोळखी संपादकानं तो मजकूर काढला होता. मात्र प्रत्येक गटाच्या चर्चापानावर वेगळी टीप ठेवली होती. लिहिणारी शाळकरी मुलं आहेत हे त्याला किंवा तिला कळलं असावं. दुसऱ्याचं लिखाण उचलता येत नाही, माहिती मात्र घेता येते, आपल्या शब्दांत लिहून कुठून घेतली ते सांगायचं, असं समजावून शेवटी विचारलं होतं, की तुमच्या गावात अजून कुठे बंधारा आहे का, फोटो काढता येईल का? तो माणूस कोण, कुठल्या गावचा, वय काय, मला आजतागायत माहीत नाही. रात्री साडेअकराची वेळ होती त्या टिपेवर.

बंधारे शोधायला मुलं शनिवारी निघाली. हरणबारी धरण झालं, विहिरी खोल गेल्या, कांदा-डाळिंबाचा पैसा आला, आणि फड बऱ्याच ठिकाणी नावापुरता उरलाय. तरी जुनी माणसं आहेत. त्यांनी सांगितलेलं मुलांनी लिहिलं, आणि त्यावर दुसरी टीप आली: संदर्भ हवा. एक मुलगी रडवेली झाली. “मॅडम, माझ्या आजोबांनी स्वतः पाणी वाटलंय, अजून कसला संदर्भ?” तिला काय उत्तर द्यावं हे मला अजूनही नीट सुचत नाही. ज्याच्याबद्दल छापून आलं नाही ते ज्ञानच नाही, असं मला म्हणायचं नव्हतं. आम्ही १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधला पाटबंधाऱ्यांचा भाग काढून वाचला, सिंचनावरची पुस्तकं मागवली. ज्याला आधार सापडला ते लेखात गेलं. ज्याला सापडला नाही ते मुलांनी जाड वहीत लिहून काढलं, सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालून. ती वही मी लाल कापडात बांधून घेतली.

लेखातली आमची भर म्हणजे चार परिच्छेद आणि दोन फोटो. गेल्या दिवाळीत मी तो मजकूर माझ्या त्या मागच्या बाकावरच्या वर्गमित्राला दाखवला. कांद्याच्या चाळीजवळ खाटेवर बसलो होतो. त्यानं चष्मा काढून फोन डोळ्यांशी नेला आणि सावकाश वाचलं.

“ताई, इथं ‘पाटकर’ पडलंय. पाटकरी पाहिजे.”

“मग कर ना तू. तिथं संपादन आहे बघ, ते दाब.”

त्यानं कांद्याची टरफलं चिकटलेला अंगठा पॅन्टला पुसला, एकेक अक्षर शोधून दुरुस्ती केली आणि जतन करायच्या आधी थांबला.

“जुनं बी दिखस ना?”

मी ‘इतिहास’ उघडून फोन त्याच्यापुढे धरला.