नवे काळीज, जुनी हाडे

मानेभंजनच्या बाजारात लँड रोव्हर आमच्यापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "ही आपल्याला नेणार, की आपण हिला?"

२०१२ च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. मानेभंजन हे दार्जिलिंग जिल्ह्यातले, नेपाळच्या सीमेला चिकटलेले गाव. तेथून सुमारे ३१ किलोमीटरवर ३,६३६ मीटर उंचीचे संदकफू. चहामळ्यांतल्या साहेबांच्या मागे राहिलेल्या लँड रोव्हर या वाटेवर कित्येक वर्षे उतारू वाहत आल्या. १९४८ साली विलायतेत जन्मलेले हे वाण. युद्धानंतर तिकडे पोलादाची टंचाई होती, म्हणून हिच्या अंगावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढला.

आमच्या चालकाला आम्ही 'दाइ' म्हणू लागलो. तिकडे थोरल्या भावाला तसे म्हणतात. त्याने बॉनेट उघडले. आत महिंद्राचे डिझेल एंजिन!

"वडिलांच्या वेळचे पेट्रोल एंजिन ५० अश्वशक्तीचे. वर चढता चढता त्याचा दम जायचा," दाइ म्हणाला.

खरेच आहे. संदकफूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी. पन्नासांतले पंधरा-वीस घोडे वाटेतच बसकण मारणार! डिझेल एंजिन हळू फिरतानाही जोर देते. ते बसवण्यासाठी चौकटीवर नवे आधार जोडले, आणि जुन्या गिअरबॉक्सशी सांधा जुळावा म्हणून मधली जाड तबकडी लेथवर कातून घेतली.

"मग दाबा की!" मी म्हणालो. ढग वर येत होते आणि मला आजच कांचनगंगा पाहायची होती.

दाइ हसला. "साहेब, काळीज नवे आहे, हाडे जुनीच. मागचे एक्सल त्या पन्नास घोड्यांच्या मापाचे. एकदम जोर दिला, तर एंजिनाला काही होत नाही, एक्सल तुटतो. माझ्या मुलाने एकदा असेच केले. उतारूंसकट रात्र थंडीत काढली."

मी गप्प बसलो. कालिपोखरीच्या काळ्या तळ्यानंतर शेवटचा चढ लागला. एका बाजूला दरी, खाली सुटे धोंडे. माझा पाय नसलेले पेडल दाबत होता. दाइचा पाय मात्र जेमतेम टेकलेला. गाडी गर्भारशीच्या चालीने, पण एकदाही न थांबता चढली.

पोहोचलो तेव्हा सारे ढगात बुडाले होते. मी फुरंगटून झोपलो. पहाटे सौभाग्यवतींनी हलवून उठवले. समोर तांबूस झालेली कांचनगंगा, आणि दूर पश्चिमेला मकालू, ल्होत्से, एव्हरेस्ट!

मुंबईला परतलो, तर लिफ्ट बंद. दोन्ही हातांत बॅगा घेऊन मी तरातरा जिना चढू लागलो. मागून आवाज आला, "अहो, दमाने! एक्सल जुने आहेत."