भिंतीतला पिंजरा

लिस्बनसाठी एकच दिवस हाताशी असेल आणि तो धावपळीत घालवायचा नसेल, तर तो बाइशात घालवावा असं माझं मत आहे. बाइशा म्हणजे सखल भाग. टेकड्यांच्या मधला, तेजु नदीपासून रोसिउ चौकापर्यंतचा हा बाजारपेठेचा पट्टा. बहुतेक प्रवासी इथून जातात ते दुसरीकडे पोचण्यासाठी: २८ नंबरची ट्राम पकडायला, किल्ल्यावर चढायला, बेलेमच्या मठात वास्को द गामाची कबर बघायला. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या, सारख्या खिडक्यांच्या इमारतींच्या रांगा. इथे मुद्दाम थांबावं असं चटकन वाटत नाही. तरीही या शहराचं सर्वांत मोठं स्मारक मी याच रांगांना म्हणेन. ते डोळ्यांत भरत नाही, कारण त्यातलं खरं काम गिलाव्याच्या आत आहे.

सकाळची सुरुवात नदीकाठच्या भव्य चौकातून करावी. नकाशावर त्याचं नाव प्रासा दु कोमेर्सिउ, म्हणजे व्यापार चौक. लिस्बनकर मात्र अजूनही तेरेइरु दु पासु, राजवाड्याचं पटांगण, असंच म्हणतात. राजवाडा जाऊन अडीचशेहून अधिक वर्षं झाली तरी. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता. सकाळी लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. धरणी हादरली, तेव्हा जीव वाचवायला कित्येक जण मोकळ्या नदीकाठाकडे धावले आणि तिथे समुद्र चढून आला. मेणबत्त्यांतून आणि चुलींतून लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. माणसं हजारोंनी मेली. राजवाड्यातलं ग्रंथालय गेलं आणि कासा दा इंदिया, म्हणजे हिंदुस्थानाशी चालणाऱ्या व्यापाराची सरकारी कचेरी, दप्तरासकट नष्ट झाली. कोकण आणि गोव्याचा इतिहास शोधणाऱ्याला हवे असलेले किती कागद या चौकात राख झाले असतील, हा विचार इथे उभं राहिल्यावर टाळता येत नाही.

पण मला या चौकात दुःखापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा महिना. राजाचा मंत्री सेबास्तियांव जुझे, जो पुढे पोंबालचा मार्किस झाला, त्याने काम सोपवलं मानुएल दा माया या ऐंशीला टेकलेल्या इंजिनिअरवर. ढिगारे उपसले जात असतानाच मायाने पर्याय मांडायला घेतले: शहर होतं तसंच पुन्हा बांधावं, की तेच ठेवून रस्ते रुंद करावेत, घरं दोन मजल्यांपुरती ठेवावीत, जुनं सगळं पुसून नवा आराखडा काढावा, की शहरच बेलेमकडे हलवावं. प्रत्येक पर्यायाचे गुणदोष त्याने लिहिले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गाव तिथेच बांधायचं की हलवायचं, हा प्रश्न किती जिवाला लागला होता हे आठवलं, की त्या म्हाताऱ्या इंजिनिअरच्या शांत डोक्याची किंमत कळते. जागा न सोडता नवा आराखडा काढायचं ठरलं. एउजेनिउ दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांनी तो आकाराला आणला.

चौकातून कमानीखालून रुआ आउगुस्ता या रस्त्यावर आलं की हळू चालावं. शेजारच्या रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा आहे. उभे-आडवे वासे आणि त्यांना तिरपे छेदणारे फुलीचे दांडे, मधल्या पोकळीत दगडविटा आणि चुना. त्याला गायोला, म्हणजे पिंजरा, असं नाव पडलं. जमीन हलली की दगड निखळतील, पण लाकूड वाकेल आणि मजले तोलून धरेल, ही त्यामागची कल्पना. नमुन्याभोवती सैनिकांना पावलं आपटत चालवून त्याची परीक्षा घेतल्याचं सांगतात. मान वर केली तर दोन घरांमधल्या भिंती छपराच्या वर डोकावताना दिसतात. एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंतींनीच माणसांचे जीव घेतले, म्हणून भिंतीच्या पोटात काय आहे हा प्रश्न मला वास्तुशिल्पाच्या कुठल्याही नक्षीपेक्षा मोठा वाटतो.

यावर आक्षेप येईल की हे सगळं एकसुरी आहे, खरं सौंदर्य आल्फामा या जुन्या वस्तीत आहे. आल्फामा सुंदर आहे हे मान्यच. गल्ल्या, पायऱ्या, दोरीवर वाळणारे कपडे, सगळं मन ओढून घेतं. आराखडा नसतानाही तो भाग बराचसा वाचला, हेही खरं. पण तो टेकडीच्या टणक जमिनीवर आहे, बाइशा नदीच्या गाळावर. वाईट जमिनीवर जाणूनबुजून नीट बांधणं ही वेगळ्या प्रतीची गोष्ट आहे, आणि एकसुरीपणा हा त्याचाच भाग: मापं ठरलेली असली की काम भराभर होतं आणि गरिबाच्या खोलीलाही तोच सांगाडा मिळतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पोंबाल जुलमी होता. १७५९ मध्ये त्याच्या राजवटीत ताव्हरा घराण्यातल्या माणसांना भीषण मरण दिलं गेलं. आणि त्या काळी पोर्तुगालच्या तिजोरीत येणारं ब्राझीलचं सोनं गुलामांच्या घामाचं होतं. हे झाकून बाइशाचं कौतुक करणं मला मान्य नाही. पण रांगेतला सांगाडा माया आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या विचारातून आला, आणि त्यात राहिलेली माणसं राजे नव्हती. म्हणून श्रेय त्या इंजिनिअरांच्या नावे लिहावं.

दुपारनंतर वर कार्मुच्या मठात जावं. भूकंपात पडलेलं तिथलं चर्च छपराविना तसंच ठेवलंय, दगडी कमानींमधून थेट आभाळ दिसतं. मात्र दिवस तिथे संपवू नये. पुन्हा खाली उतरून रुआ दुश कोरेएइरुशवर यावं. तिथे एका बँकेच्या खाली उत्खननात सापडलेले अवशेष जपून ठेवले आहेत. रोमन काळातली खारवलेल्या मासळीची टाकी आहेत, आणि त्यांच्याजवळच बाइशाच्या इमारतींखाली गाळात ठोकलेले लाकडाचे खुंट. ओल्या मातीत हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. पाण्याची पातळी उतरली तर ते कुजू लागेल. वर रस्त्यावर कॉफीची दुकानं भरलेली असतात, खाली ते खुंट अजून ओलेच असतात.