दोरा

हैदराबादेच्या आबिड्स भागात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्या बंद दारांसमोरील पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त त्या शहरी माझा आठवडाभर मुक्काम होता. रविवारी गनफाउंड्री येथील संत जोसेफ महामंदिरात मिस्सा आटोपून मी पायीच आबिड्सकडे निघालो. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड नावाच्या सेवकाचे तेथे दुकान होते, त्यावरून त्या भागास हे नाव पडले. मालक गेला, दुकान गेले, पण नाव राहिले.

पुस्तके चाळता चाळता कुक्कुटपालनावरील एक जुने इंग्रजी पुस्तक हाती आले. मुखपृष्ठ फाटलेले होते, आतील पाने मात्र शाबूत होती. टर्कीच्या पिल्लांचे प्रकरण उघडले आणि नर-मादी कशी ओळखावी हा मजकूर वाचू लागलो. अर्धे पान वाचले असेल-नसेल, भर पावसाळी हवेतही माझे कान तापले. त्याचे कारण वाचकांस सांगितलेच पाहिजे.

आमच्या धर्मग्रामातील एका गावी एक विधवा बाई राहते. तिने दोन वर्षांपूर्वी टर्कीची सहा पिल्ले विकत घेतली. एक दगावले, पाच जगली. नाताळाच्या सुमारास दोन नर विकावे, त्या पैशांत मुलीच्या वसतिगृहाची फी भरावी, आणि एक नर व दोन माद्या ठेवून पुढे अंडी उबवावी, असा तिचा हिशेब होता. हिशेब चोख होता. प्रश्न एवढाच की नर कोणता आणि मादी कोणती? हे विचारावयास ती मजकडे आली. सेमिनरीत तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकलेल्या माणसास टर्कीचे लिंग कळत नाही असे कबूल करण्याची मला लाज वाटली, हे आज लिहितो. मी तिच्या अंगणात गेलो. पिल्ले तेव्हा सहा-सात आठवड्यांची होती. त्यांतील तीन शेपटी फुलवून, पंख खाली सोडून मोठ्या ऐटीत मिरवत होती. मोर पिसारा फुलवतो, लांडोर नाही, या न्यायाने ती तीन नर, असा निवाडा मी दिला व माझ्याच हाताने त्यांच्या पायांत लाल दोरा बांधला.

आबिड्सच्या पदपथावर मी जे वाचले ते हे, की टर्कीची अगदी काही दिवसांची पिल्लेही अशी शेपटी फुलवून मिरवतात, आणि त्यात नर व मादी दोन्ही असतात. लहानपणीच्या या ऐटीवरून काहीच सिद्ध होत नाही.

मग सिद्ध होते कशावरून? अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पाहून सामान्य माणसास ते सांगताच येत नाही. मोठ्या उबवणी केंद्रांत शिकलेली माणसे गुदद्वाराची बारीक तपासणी करून ओळखतात. कोंबडीच्या पिल्लांसाठी ही विद्या जपानी लोकांनी 1920 नंतरच्या दशकात सिद्ध केली. आपण घरी तो उद्योग करू नये, नाजूक पिल्लास इजा होते. टोकदार अंड्यातून नर निघतो ही समजूतही सोडून द्यावी.

आपणांस उपाय एकच, तो म्हणजे थांबणे. साधारणतः तीन-चार महिन्यांत पिल्ले स्वतःच सांगू लागतात. नर अंगापिंडाने थोराड होतो, पाय जाड होतात. चोचीच्या मुळाशी जो मांसल कोंब दोघांसही असतो, तो नराचा लांबत जाऊन चोचीवरून खाली लोंबतो, मादीचा आखूडच राहतो. नराचे डोके व मान उघडी पडते, गळ्याखाली लाल गाठी भरतात. मादीच्या डोक्यावर बारीक पिसे टिकून राहतात. काशाच्या रंगाच्या गडद जातीत छातीची पिसे पाहावी. नराच्या पिसांचे टोक काळे, तर मादीच्या पिसांस पांढरट किनार असते. पांढऱ्या जातीत अर्थात या खुणेचा उपयोग नाही. पुढे नराच्या छातीवर राठ केसांचा झुपका येतो, परंतु क्वचित एखाद्या मादीसही तो येतो, म्हणून एकट्या झुपक्यावर विसंबू नये. गडगडल्यासारखी ती प्रसिद्ध आरोळी मात्र नरच देतो.

बादशहा जहांगीरने हा पक्षी प्रथम पाहिला तो 1612 मध्ये. मुकर्रबखानाने तो गोव्याहून आणला होता. डोक्यावरील मांस हत्तीच्या सोंडेसारखे लोंबते व मानेचे रंग सरड्याप्रमाणे पालटतात, असे त्याने लिहून ठेवले आणि मन्सूर चित्रकाराकडून त्याचे चित्र काढवून घेतले. म्हणजे त्याने पाहिला तो पूर्ण वाढीचा नर, यात मला आता शंका उरलेली नाही. या पक्ष्याविषयी चुकणारा मी पहिलाच नव्हे. इंग्रजांनी त्यास तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कांनी व फ्रेंचांनी हिंदुस्थानचे, पोर्तुगीजांनी पेरूचे. आणि पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा! पण त्यांच्या चुकीने कोणाची फी बुडाली नाही.

आमच्याकडे नाताळापूर्वी व्यापारी आला तेव्हा पिल्ले चार महिन्यांची झाली होती. दोरा बांधलेल्या तिघांपैकी दोन त्यास दिली. वजन कमी भरले म्हणून तो कुरकुरला व भाव पाडून गेला. त्या दोघांच्या छातीवरील पांढरी किनार पाहून, वेदीवरील वस्त्राच्या झालरीसारखी दिसते, असे मी कौतुकाने म्हणालो होतो. बिनदोऱ्याची दोन मात्र चांगली दांडगी झाली होती. मादी अंगाने लवकर भरते, असे शास्त्र मीच रचले व बाईस ऐकवलेही. वसंतात उरलेली तिन्ही गडगडू लागली आणि एकमेकांस रक्तबंबाळ करू लागली. अंडे एकही नाही. माझा निवाडा कोठेतरी चुकला एवढे तेव्हा कळले; तो मुळातच चुकला, हे आबिड्सला कळले.

“खडे खडे पूरी किताब पढ लेरे क्या, फादर साब?” पुस्तकवाल्याने विचारले. मी घासाघीस न करता पुस्तक घेतले.

परत आल्यावर बाईच्या घरी गेलो, पान उघडून दाखवले व चूक माझी होती असे सांगितले. तिने चित्र निरखून पाहिले. मग म्हणाली, “मला तवाच वाटलं व्हतं, फादर. ती दोन कधी वरडलीच न्हाईत, डोक्यावरली पिसं बी गेली न्हाईत. पर तुमी बांधल्याला दोरा म्या कसा सोडावा?”

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

मुलीच्या फीची तूट मी भरून दिली. ते माझे देणेच होते. तीन नरांपैकी दोन तिने विकले, एक ठेवला आणि पाच नवी पिल्ले आणली. ती आता दहा आठवड्यांची आहेत. दोघेतिघे मिरवतात, आम्ही पाहतो आणि गप्प बसतो. नाताळापूर्वी दोरा बांधावयाचा, पण तो तिने बांधावयाचा, असे ठरले आहे. लाल दोऱ्याचे रीळ तिच्याच घरी खुंटीवर टांगलेले आहे.