टीटी ते किंग्ज सर्कल

दादर स्थानकावर मध्य रेल्वेचा एक नंबरचा फलाट आता नाही. 9 डिसेंबर 2023 पासून तो आठ नंबरचा झाला. दोन नंबरचा त्याआधीच एक नंबरच्या रुंदीकरणात गेला होता. 'एक नंबरवर थांब' असे कुणी सवयीने फोनवर सांगतो, आणि पाहुणा पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जाऊन उभा राहतो.

पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग. पूर्वीचा दादर मेन रोड. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' याच रस्त्यावरच्या बंगल्यात तयार झाला. पुढे रणजित, श्री साउंड, रूपतारा हे स्टुडिओही दादरलाच निघाले. चित्रीकरणे अंधेरी-गोरेगावकडे गेली त्याला बराच काळ लोटला. चित्रा टॉकीज 2019 मध्ये बंद झाले.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला आली. टॅक्सीवाल्याला आजही 'टीटी' सांगितले की पुरते. टॅक्सी मात्र पद्मिनी नसते. शेवटच्या पद्मिनीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये भरली. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला बेस्टची जुनी डबलडेकर शेवटची धावली. तिच्या वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसले की आंबेडकर रोडवरच्या फांद्या हाताला लागत. नव्या डबलडेकरच्या काचा उघडत नाहीत.

हा सगळा भाग प्लेगमुळे वसला. 1896 मध्ये मुंबईत साथ आली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहराच्या दाट वस्तीत हवा नव्हती, उजेड नव्हता. म्हणून उत्तरेला दादर-माटुंग्याची योजना आखली: सरळ रस्ते, मोकळे चौक, सुटी सुटी घरे. दोन इमारतींमध्ये अंतर हवे, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. ट्रस्ट 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. अंतर त्यानंतरही बरीच वर्षे टिकले.

हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. पत्ता सांगताना गल्लीनंतर इमारतीचे नाव येई आणि मग खूण: दारात बकुळ आहे ती. आता लोकेशन येते.

जुन्या इमारती दोन-तीन मजल्यांच्या. गॅलरीचे कोपरे गोलाई दिलेले. दर्शनी भिंतीवर गिलाव्यातच उठावाने इमारतीचे नाव आणि खाली बांधल्याचे साल. नव्या इमारतींवर नाव स्टीलच्या अक्षरांत असते. साल नसते.

जिन्याच्या तोंडाशी लाकडी चौकट. तीत काळ्या पाट्यांवर पांढऱ्या अक्षरांत, मजल्यानुसार, बिऱ्हाडांची नावे. नावापुढे पदवी: बी. ए., एलएल. बी. डॉक्टर-वकिलांच्या नावाशेजारी सरकती पट्टी. एकीकडे 'इन', दुसरीकडे 'आउट'. घराबाहेर पडणारा माणूस जाता जाता ती बोटाने सरकवत असे. एका चौकटीत पट्टी 'आउट'वर अडकली आहे. तिच्यावरून रंगाचे दोन-तीन हात गेलेत. खाचही बुजली आहे.

शेजारच्या टॉवरमध्ये चौकटीच्या जागी टॅब आहे. पाहुण्याचा फोटो निघतो, वर निरोप जातो, मंजुरी येते. तोवर पाहुणा उभा असतो. बसायला कट्टा होता तिथे आता बूम बॅरियर.

आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या गेल्या. पहाटे केंद्रासमोर रिकाम्या बाटल्यांची जाळी ठेवून रांगेत नंबर धरता येई. माणूस नसला तरी चाले. बाटलीची पातळ चंदेरी झाकणे मुले वहीत चपटी करून ठेवत.

कल्हईवाला येत नाही. गादी पिंजणारा येत नाही. बोहारीण कधीमधी फाटकापर्यंत येते, वॉचमन आत सोडत नाही.

गॅलऱ्यांना आधी ग्रिल लागले. मग सरकत्या काचा लागल्या. मग मधली भिंत काढून त्या खोलीत घेतल्या. गॅलरीतून भाजीसाठी दोरीने खाली सोडायची टोपली त्यातल्या पहिल्या टप्प्यालाच बंद झाली.

हिंदू कॉलनीत राजगृह आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 च्या दशकात ते राहण्यासाठी आणि पुस्तकांसाठी बांधले. तळमजल्यावरच्या खोल्या पाहता येतात. त्यांच्या संग्रहातली बरीच पुस्तके आता सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. 6 डिसेंबरच्या आसपास इथे रांग लागते. एरवी दुपारी गल्लीत सामसूम असते.

किंग जॉर्ज शाळेची राजा शिवाजी झाली. व्हिन्सेंट रोडचा आंबेडकर रोड झाला. किंग्ज सर्कलच्या बागेचे महेश्वरी उद्यान झाले. गेलेल्या गोष्टींच्या यादीत हे बदल धरण्याचे कारण नाही. शाळा, रस्ता आणि बाग जागेवर आहेत.

झाडे कमी झाली. 2010 नंतरच्या काही वर्षांत मुंबईतले पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने वाळत गेले. बुंध्याभोवती सिमेंट होतेच. ज्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत मिसळत, तिथे मधेच आकाशाचा चौकोन दिसतो. दुपारी उन्हाचा तेवढाच चौकोन खाली रस्त्यावर पडतो, आणि तिथे कुणी गाडी लावत नाही.

तोडायच्या झाडाला कागद लावतात. त्यावर झाडाचा क्रमांक, जात, कारण आणि हरकत नोंदवण्याची मुदत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, तरी पावसाळ्यात शाई उतरते. वृक्ष कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड 'हेरिटेज' ठरते. ते तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची. ती कुठे लावली हे गल्लीतून दिसत नाही.

पारशी कॉलनीला कुंपण नाही. मुंबईतल्या इतर पारशी बागांना फाटके आहेत, इथे रस्ता सरळ आत जातो. मंचेरजी एदलजी जोशी या इंजिनिअरने ट्रस्टकडून पारशांसाठी 103 भूखंड मिळवले. इमारत दोन मजल्यांवर जाऊ नये असा त्यांचा आग्रह होता. रस्त्याकडेला त्यांनी ओळीने झाडे लावून घेतली. फिरदौसी रोडवर महोगनी. त्यांचा पुतळा फाइव्ह गार्डन्सजवळ आहे.

1941 च्या जनगणनेत भारतात 1,14,890 पारशी होते. 2011 मध्ये 57,264. कॉलनीत ते वेगळे सांगावे लागत नाही. एका मजल्यावर दोन दारे, त्यातल्या एकाच्या कडीकोयंड्याला कुलूप, कुलपाला गंज. खाली आरामखुर्चीत बसलेले आजोबा, शेजारी सांभाळणारा मुलगा. मुलगा फोनवर असतो.

पारशी घरांच्या उंबऱ्यावर सकाळी चॉक घालत. तळाला भोके पाडलेला पत्र्याचा छोटा डबा, आत पांढरी पूड. डबा जमिनीवर हलकेच टेकवायचा आणि उचलायचा. खाली मासा उमटे, कधी फुलांची वेल. दोन मासे समोरासमोर आणायचे तर डबा फिरवून टेकवावा लागे. आता सणावारीच. एरवी उंबऱ्यावर स्टिकर.

पुढे माटुंग्यात तमिळ घरांच्या दारात तांदळाच्या पिठाचे कोलम असत. तिथेही स्टिकर आले. मुंग्या गेल्या.

फाइव्ह गार्डन्समध्ये पाचही बागा आहेत. संध्याकाळी गर्दी असते. चालणारे एकाच दिशेने चालतात, कानात काहीतरी असते. वाट विचारणाऱ्याला दोनदा विचारावे लागते.

माटुंग्यात कॅफे मद्रास आहे, 1940 चे. स्थानकासमोर रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 चे. केळीच्या पानावर जेवण मिळते. बोर्डिंगे मुळात नोकरीसाठी एकट्याने मुंबईत आलेल्या दक्षिणी कारकुनांसाठी निघाली. महिन्याचे पैसे भरायचे आणि रोज त्याच बाकावर जेवायचे. ते कारकून गेले. आता रांगेत बसतात ते रविवारी लांबून आलेले. जेवणाआधी फोटो.

किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, पूर्वीपेक्षा कमी. व्हीजेटीआय 1923 पासून जवळच आहे, त्यामुळे इंजिनिअरिंगची पुस्तके हातोहात फिरत. पहिल्या पानावर एकाखाली एक तीन-चार मालकांची नावे असत, प्रत्येकाचे वर्ष वेगळे. आता ढिगात प्रवेश परीक्षांची गाइडे जास्त. त्यांवर नाव लिहिलेले नसते.

माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये बाग केली. चालायची वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणावळणाची आहे. लोकांनी मागणी करून ती मिळवली, आणि ती चांगली ठेवली आहे. तिथे पाऊस पडत नाही.

इमारत पाडायची ठरली की आधी दारे निघतात. सागवानी चौकटी, पितळी कड्या, जिन्याचा कठडा, बिडाची जाळी. त्यांना गिऱ्हाईक आहे. फरशा बहुधा फुटतात. रहिवासी उपनगरात भाड्याने जातात. करारनाम्यात चटईक्षेत्र, भाडे, कॉर्पस आणि गाडीची जागा लिहिलेली असते. नव्या इमारतीत खालचे काही मजले गाड्यांचे आणि घरे त्यांच्यावर. दोन इमारतींमधले अंतर नियमात बसत नसेल तर प्रीमियम भरून सवलत मिळते. प्रीमियमचा हिशेब रेडी रेकनरच्या दराने होतो.