निरंक

पुणे, रविवार

प्रिय धाकटे,


तुमच्या नगरपरिषदेच्या, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचं अध्यक्षपद तुझ्याकडे आलं, हे आईकडून कळलं. ‘वर्षाला एक कागद पाठवायचा, बाकी काही नाही,’ असं आस्थापनेच्या बाबूंनी तुला सांगितलं म्हणे. कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही तो कागद ओळखीचा आहे. प्राप्त तक्रारी : निरंक. निकाली : निरंक. प्रलंबित : निरंक. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. त्या ‘निरंक’वर माझा विश्वास नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

ज्या बाईमुळे देशात अशा समित्या आल्या, ती कुठल्या पदावरची अधिकारी नव्हती. राजस्थानातल्या भटेरीची भंवरीदेवी कुंभार समाजातली, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून मानधनावर राबणारी. बालविवाह थांबवणं हे तिला नेमून दिलेलं काम. एका तान्ह्या मुलीचं लग्न रोखायला ती गेली, आणि सप्टेंबर १९९२मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. सरकारने दिलेलं काम केलं म्हणून हे तिच्या वाट्याला आलं; तिला सांभाळण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच ठरली नाही. ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या याच प्रश्नावर. १३ ऑगस्ट १९९७ला निकाल लागला : मालकाने तक्रार समिती नेमावी, तिची प्रमुख बाई असावी, बाहेरच्या संस्थेचं माणूस असावं. त्या तीन न्यायमूर्तींमध्ये सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती.

त्यानंतर बऱ्याच कचेऱ्या स्वस्थ बसल्या. पुण्यातल्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले आणि इतर कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. त्यातून २००४ साली आदेश निघाला, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. नाहीतर समितीपुढे एकदा सगळं सांगून झालेल्या बाईला विभागीय चौकशीत पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला २०१३मध्ये आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला लागू झाला.

आता तुमच्या नगरपरिषदेकडे बघ. पहाटे रस्ते झाडणारी, ठेकेदाराच्या हजेरीपटावरची बाई, रोजंदारीवरची आया, जिला आपण ‘स्वयंसेविका’ म्हणतो ती आशा कार्यकर्ती. कायद्याने या सगळ्या ‘कर्मचारी’ आहेत. कायम असोत, ठेकेदारामार्फत आलेल्या असोत की मानधनावरच्या. ‘ती आपली नव्हे, ठेकेदाराची,’ हे उत्तर देऊन मुख्याधिकाऱ्यांना मोकळं होता येत नाही. तुझ्याकडे येणारी बाई कदाचित लिहू शकणार नाही. तिला अर्ज लिहून आणायला पाठवू नकोस. तिची तक्रार लेखी करायला मदत करणं हे समितीचं कर्तव्यच आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, पण कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येते. हे तिला कोण सांगणार? मुकादमाविरुद्ध तक्रार आणि हजेरी त्याच मुकादमाच्या हातात, तर ती महिनाभर विचारच करत बसेल.

सगळ्यात जास्त सांभाळायची ती बदली. एका कचेरीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाईने तोंडी तक्रार केली आणि आठवड्यात तिला गावाबाहेरच्या पंपहाऊसवर नेमलं, ‘तिच्याच भल्यासाठी’. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो साहेब आपल्या खुर्चीत तसाच राहिला. त्यानंतर तिथे कोणी तक्रार केली नाही, आणि अहवाल वर्षानुवर्षं निरंक गेला. चौकशी सुरू असताना बदलीची शिफारस समितीला करता येते, पण पीडितेने लेखी मागितलं तरच, आणि ती बदली त्या पुरुषाचीही करता येते. तिच्या कामाचा गोपनीय अहवाल त्याने लिहू नये, अशी शिफारसही तिने मागितल्यास करता येते. ही दोन वाक्यं तू पहिल्याच भेटीत तिला वाचून दाखव.

घाई मात्र करू नकोस. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकावरच्या आरोपांची २००९ सालची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ला पुन्हा समितीकडे धाडली, कारण समितीने भराभर सुनावण्या उरकल्या आणि बचावाला पुरेशी संधी दिली नाही. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. त्या मुलींचं काय झालं असेल, या विचाराने मला झोप लागत नाही. चौकशीला नव्वद दिवस आहेत. त्यांतला प्रत्येक दिवस नीट वापर. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत मिळू दे, त्याचे साक्षीदार ऐक, प्रत्येक जबाबावर सही घे. नावं बाहेर फुटू देऊ नकोस, चहाच्या टपरीवरसुद्धा नाही. वकील कोणालाच आणता येत नाही, आणि बैठकीला तुझ्यासह किमान तिघं हवीत.

गोव्याच्या त्याच निकालात न्यायालयाने देशभरच्या समित्यांची पडताळणी करायला सांगितलं, आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा कडक आदेश काढावे लागले. तेव्हा विशाखा निकालाला सत्तावीस वर्षं झाली होती.

समितीच्या आदेशाचा फलक लावणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे तो मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर असणार, जिथे झाडूवाली बाई जातच नाही. एक फलक हजेरीशेडमध्ये, एक दवाखान्यात लाव, मोठ्या अक्षरांत. आणि एका पहाटे सहाला स्वतः हजेरीशेडवर जाऊन ये. काय दिसलं ते मला कळव.

तुझी,
ताई