हिंदमाताचा उतार वाळूत

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीट नकाशावर साधारण दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. मुंबईतल्या लालबाग-परळचा सखल पट्टा त्या पहिल्या रेषेच्याही खाली राहतो, म्हणून नकाशात तो सपाट दिसतो. प्रत्यक्षात जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलं की शाळेतून घरी कसं जायचं, हे इथल्या मुलांना तोंडपाठ असतं. उतार पायांना ठाऊक असतो, कागदावर मात्र तो वाचता येत नाही. लालबागमध्ये भूगोल शिकवणाऱ्याचं खरं काम इथेच सुरू होतं.

या कामाला सेन्सर आणि प्रोजेक्टर लावलेली वाळूची पेटी फार उपयोगी पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलोस यांनी तिचं सॉफ्टवेअर तयार केलं आणि सर्वांसाठी मोफत खुलं ठेवलं. पेटीवर टांगलेला किनेक्ट सेन्सर वाळूची उंची सतत मोजतो. प्रोजेक्टर त्याच वाळूवर रंग आणि समोच्च रेषा टाकतो. मुलाने ओंजळभर वाळू ओतली की रेषा सरकून नव्या टेकडीभोवती वळतात. कडा उभा केला की दाटतात, उतार मंद केला की विरळ होतात. तळहात पसरून वर धरला की खाली पाऊस पडतो, आणि पाणी उताराने वाहत खळग्यात साचतं.

मुंबई बेटाची प्रतिकृती करायला घेतली की प्रमाणाचा धडा आपोआप येतो. कुलाबा ते माहीम हे सुमारे १६ किलोमीटरचं अंतर मीटरभर पेटीत बसवलं, तर ५० मीटरच्या आसपास उंच असलेली मलबार हिल जेमतेम ३ मिलिमीटर भरते. एवढी उंची सेन्सरच्या चुकीतच हरवेल. म्हणून उंची वीस पट वाढवावी लागते, आणि ती वाढवली आहे हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर मुंबई म्हणजे सह्याद्रीच, असं त्यांच्या डोक्यात बसेल.

मग हिंदमाताचा खोलगट भाग करावा. पाऊस पाडण्याआधी विचारावं, पाणी कुठे थांबेल? उत्तर वहीत लिहून घ्यावं, मगच हात धरू द्यावा. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात का जात नाही, महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात साठवण टाक्या का बांधल्या, हे त्याच पेटीभोवती उभं राहून समजतं.

रंग मोहक असतात, त्यामुळे मुलं रंगच पाहत बसण्याचा धोका आहे. म्हणून शेवटी प्रोजेक्टर बंद करावा आणि प्रत्येकाने समोरच्या वाळूचा नकाशा कागदावर काढावा. ज्याला तो जमला, त्याला टोपोशीट वाचता येईल.

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता जुना सेन्सर शोधावा लागतो. तो मिळेपर्यंत शिक्षकांनी थांबू नये. लालबागच्या गणपती कारखान्यांमुळे इथे शाडू माती नवी नाही. घमेल्यात शाडूची टेकडी करा, बोटभर बोटभर पाणी चढवा आणि दर वेळी पाण्याच्या काठावर काडीने रेघ ओढा. समोच्च रेषा मुलांच्या हातून उमटेल.